श्यामची आई आपल्या ग्वाल्हेरची

दर वर्षी २४ डिसेंबरला, साने गुरुजींच्या जयंतीनिमित्त, आपल्या शाळेच्या सभागृहात ‘श्यामची आई’ हा जुना कृष्णधवल चित्रपट दाखवण्यात येतो. मागच्या खेपेला चित्रपट संपल्यावर सहावीतल्या एका विद्यार्थिनीने उभे राहून विचारले की आईचे काम करणाऱ्या बाई कोण होत्या आणि त्या कोकणातल्याच होत्या का. नाव आम्हा शिक्षकांना ठाऊक होते. गाव मात्र कोणालाच चटकन सांगता येईना. तेव्हा पालकांमध्ये बसलेल्या एका आजोबांनी सांगितले की त्या कोकणातल्या नव्हेत, आपल्या ग्वाल्हेरच्या. मुले हसली. त्यांना ती थट्टा वाटली. आजोबा थट्टा करत नव्हते, आणि आम्हाला आमच्या अज्ञानाचे वाईट वाटले. त्या मुलीला त्या दिवशी अर्धेच उत्तर मिळाले. उरलेले अर्धे या अंकात देत आहोत.

वनमालाबाईंचे मूळ नाव सुशीला. २३ मे १९१५ रोजी उज्जैन येथे पवार घराण्यात त्यांचा जन्म झाला. उज्जैन तेव्हा ग्वाल्हेर संस्थानात होते. वडील बापूराव पवार संस्थानच्या सेवेत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि सुशीलाबाईंचे वाढणे व शिकणे ग्वाल्हेरात झाले. (पुष्कळ मुले ‘पवार’ ऐकले की ललिता पवार समजतात. त्या वेगळ्या. त्या येवल्याच्या, आणि पवार हे त्यांचे सासरचे नाव.)

त्या काळचे आपले ग्वाल्हेर डोळ्यांपुढे आणल्याखेरीज पुढची गोष्ट नीट समजणार नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी तळ ठोकला आणि त्या तळाचेच लष्कर नावाचे शहर झाले. आपल्या वस्तीच्या नावात तर छावणी हा शब्द अजूनही आहे. दरबाराबरोबर आलेली मराठी घराणी येथेच राहिली. वाडे झाले, देवळे झाली, गणपती बसू लागले. या घरांतून गाणे फार होते. ग्वाल्हेर घराण्याचे नाव साऱ्या हिंदुस्थानात झाले ते दरबारच्या आणि सरदारांच्या आश्रयाने. तरीही, गाणे ऐकणाऱ्या घरात आपली मुलगी चारचौघांसमोर गायला किंवा नाचायला उभी राहील ही कल्पना कोणालाही सोसणारी नव्हती. मुलीने शिकावे, पत्र लिहावे, घोड्यावर बसले तरी चालेल. पण तिचे नाव भिंतीवरच्या रंगीत कागदावर छापून येणे म्हणजे घराला बट्टा, असाच तेव्हाचा समज होता.

अशा घरातली ही मुलगी पदवीपर्यंत शिकली. १९३०-४० च्या त्या दशकात पदवीधर मुली आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. पुढे त्या पुण्याला गेल्या आणि तेथे आगरकर हायस्कूल या मुलींच्या शाळेत शिक्षिका झाल्या. ही शाळा आचार्य प्रल्हाद केशव अत्रे यांनी काढलेली. अत्र्यांना आपण विनोदी नाटककार आणि वक्ता म्हणून ओळखतो, पण ते मुळात शिक्षक होते आणि पुण्याच्या कॅम्पातल्या शाळेचे बरीच वर्षे मुख्याध्यापक होते. म्हणजे ज्या बाईंना पुढे साऱ्या महाराष्ट्राने श्यामची आई म्हणून ओळखले त्यांनी त्याआधी वर्गात खडू हाती घेतला होता. आमच्या शिक्षिकांना हे वाचून बरे वाटेल अशी आमची अपेक्षा आहे.

अत्रे तेव्हा चित्रपटांच्या कथा लिहीत होते. मास्टर विनायक आणि बाबूराव पेंढारकर यांच्याबरोबर त्यांचे काम चाले, आणि ‘नवयुग चित्रपट’ ही नवी संस्था उभी राहिली होती. शाळेतल्या या तरुण बाईंना चित्रपटात काम मिळाले ते याच मंडळींमुळे. ‘लपंडाव’ हा त्यांचा पहिला चित्रपट १९४० साली आला. कथा अत्र्यांची, दिग्दर्शन के. नारायण काळे यांचे. सुशीला पवार हे नाव मागे पडले आणि पडद्यावर वनमाला हे नाव आले. नाव बदलण्यात सोय होती, आणि थोडा आडोसाही असावा. पण आडोसा फार दिवस टिकला नाही.

कारण लगेच पुढच्या वर्षी, १९४१ मध्ये, ‘सिकंदर’ आला. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हिटोनचा हा भव्य चित्रपट. सिकंदर झाले होते पृथ्वीराज कपूर, पोरसाचे काम स्वतः मोदींनी केले होते, आणि रुखसाना होत्या आपल्या वनमालाबाई. हत्ती, घोडे, चिलखते, झेलमच्या काठची लढाई, सुदर्शन यांचे दणदणीत संवाद. चित्रपट सिकंदर आणि पोरस यांचा. त्यात स्त्रीला जागा थोडीच. तरी कथेचा एक मोठा सांधा रुखसानाच्या हाती आहे. सिकंदरच्या जिवाला धोका आहे या काळजीने ती पोरसाच्या राज्यात येते, राखीपौर्णिमेच्या दिवशी त्याच्या मनगटावर राखी बांधते आणि सिकंदरला न मारण्याचे वचन मिळवते. पुढे रणांगणावर पोरसाचा हात उगारलेला असताना ती राखी आड येते. (आमचे इतिहासाचे शिक्षक येथे लगेच सांगतील की या राखीला इतिहासात आधार नाही. बरोबर आहे. पण ज्यांनी चित्रपट पाहिला त्यांच्या मनातून राखी निघत नाही, हेही खरे.)

महायुद्ध चालू होते. परदेशी आक्रमकापुढे ताठ उभा राहणारा हिंदी राजा पाहून थिएटरात लोक पेटत, म्हणून लष्करी छावण्यांमधल्या काही थिएटरांत सरकारने हा चित्रपट दाखवू दिला नाही. इतर ठिकाणी तो जोरात चालला. एका वर्षात वनमालाबाईंचे नाव देशभर झाले. वय सव्वीस.

आणि ग्वाल्हेरात? चित्रपटात जाण्याला वडिलांचा सक्त विरोध होता. गावातल्या जुन्या मंडळींत एक कथा सांगितली जाते की ‘सिकंदर’ येथे लागला तेव्हा बापूराव पाहायला गेले, पडद्यावर मुलगी दिसताच त्यांना राग अनावर झाला आणि त्यांनी पडद्यावर गोळी झाडली. सांगणारा प्रत्येक जण ती आपल्या ढंगाने सांगतो, तेव्हा तिला दंतकथा म्हणूनच घ्यावे. पण दंतकथासुद्धा उगाच तयार होत नाहीत. मुलगी पडद्यावर दिसणे हे एखाद्या बापाला गोळी झाडण्याइतके असह्य वाटू शकते, यावर तेव्हाच्या गावाचा सहज विश्वास बसला. आज ज्या मुली आपल्या स्नेहसंमेलनात रंगमंचावर उभ्या राहतात आणि ज्यांचे वडील समोरच्या रांगेत मोबाइल उंच धरून छायाचित्रे घेतात, त्यांनी हे एकदा लक्षात आणून पाहावे.

चांगल्या घरातल्या शिकलेल्या मुलींनी चित्रपटात येण्याची वाट वनमालाबाईंच्या आधी दोघी-तिघींनी पाडली होती. दुर्गाबाई खोटे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये तारामती झाल्या होत्या. लीला चिटणीस पदवीधर होत्या. त्यांनाही बोलणी खावी लागलीच. पण त्या मुंबईकडच्या. संस्थानातल्या सरदारवर्गातून जाणे ही आणखी वेगळी गोष्ट होती, कारण तेथे घराण्याचे नाव दरबाराशी बांधलेले असे. आम्हाला वाटते, या मुलीच्या धाडसाचे मोजमाप मुंबईच्या फूटपट्टीने करून चालणार नाही.

१९४१ मध्येच ‘पायाची दासी’ आला. अत्र्यांच्या स्वतःच्या संस्थेचा, दिग्दर्शक गजानन जागीरदार, आणि हिंदीत तोच ‘चरणों की दासी’. सुनेला छळणारी सासू झाल्या होत्या दुर्गाबाई खोटे, आणि सोसणारी सून वनमालाबाई. पुढच्या वर्षी जागीरदारांचाच ‘वसंतसेना’. ही शूद्रकाच्या ‘मृच्छकटिक’ नाटकाची कथा. देवलांच्या मराठी नाटकामुळे ती आपल्या घरांत आधीच माहीत होती. चारुदत्ताची आणि वसंतसेनेची ही कथा घडते उज्जयिनीत. उज्जैनमध्ये जन्मलेल्या मुलीने उज्जयिनीची वसंतसेना व्हावे हा योग आम्हाला फार आवडतो. १९४४ मध्ये व्ही. शांताराम यांच्या राजकमलचा ‘परबत पे अपना डेरा’ आला, त्यात उल्हास यांच्याबरोबर त्या होत्या. त्या दशकात त्यांनी आणखीही बरेच हिंदी चित्रपट केले. त्यांतले पुष्कळसे आज कोणाच्या स्मरणात नाहीत, आणि मुलांनी ते पाठ करावेत असा आमचा आग्रह नाही.

या सगळ्या कामांकडे एकत्र पाहिले की एक गोष्ट जाणवते. सिकंदरची रुखसाना, घरातली सोसणारी सून. कथा दुसऱ्याची असते आणि या बाई तिच्या कडेला उभ्या असतात, पण त्या नसत्या तर कथा पुढे सरकली नसती. चित्रपटाच्या भाषेत अशा कामांना दुय्यम म्हणतात. ‘श्यामची आई’ हे तर नावच पाहा. पुस्तक आईचे, तिच्या संस्कारांचे, पण शीर्षकात नाव आहे मुलाचे. आईला तिचे स्वतःचे नाव नाही.

आता त्या चित्रपटाकडे येऊ.

साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात १९३३ च्या फेब्रुवारीत अवघ्या पाच दिवसांत लिहिले. बेचाळीस रात्रींच्या आठवणी. कोकणातले पालगड, खोताचे घर, मग वाटण्या, कर्ज, सावकाराची माणसे दारात, आणि या सगळ्यात मुलाला वळण लावणारी आई. पुस्तक १९३५ मध्ये छापले गेले आणि मराठी घराघरात पोहोचले, आपल्या ग्वाल्हेरच्या घरांतसुद्धा. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. त्यानंतर अत्र्यांनी या पुस्तकावर चित्रपट करायला घेतला. निर्मिती आणि दिग्दर्शन त्यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. श्यामच्या कामासाठी माधव वझे नावाचा शाळकरी मुलगा निवडला. तो पुढे नाट्यसमीक्षक आणि दिग्दर्शक म्हणून नावाजला गेला. आईच्या कामासाठी अत्र्यांनी वनमालाबाईंना घेतले.

आज हे सहज वाटते. तेव्हा ते तसे नव्हते. ज्या बाईंना प्रेक्षकांनी रुखसाना आणि वसंतसेना म्हणून पाहिले होते, ‘शरबती आँखें’ अशा नावाच्या चित्रपटात पाहिले होते, त्यांनी नऊवारी नेसून चुलीपुढे बसायचे. नायिकेने आईचे काम एकदा घेतले की परतीची वाट बंद होते हे चित्रपटातल्या प्रत्येक नटीला माहीत असते. चित्रपट ६ मार्च १९५३ रोजी प्रदर्शित झाला तेव्हा वनमालाबाई सदतीस वर्षांच्या होत्या. त्यांनी ते काम स्वीकारले.

विहिरीचा प्रसंग सर्वांना आठवत असेल. श्याम पोहायला घाबरतो, लपून बसतो, आणि आई त्याला शोधून शिपटीने झोडपते. कारण मुलगा भित्रा ठरलेला तिला चालणार नाही. नंतर त्याच्या अंगावरचे वळ पाहून तिचेच डोळे भरतात. दुसरा प्रसंग पायांचा. आंघोळीनंतर ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून श्यामचा हट्ट, आणि आईने पसरलेला पदर. पाय जसे जपतोस तसे मनही जप, असा तिचा त्यातला उपदेश. हे प्रसंग लिहिलेले वाचताना गोड वाटतात, पण करायला अवघड आहेत. जरा जास्त केले तर रडारड होते, जरा कमी केले तर शाळेतली तोंडी परीक्षा. वनमालाबाई आवाज चढवत नाहीत. मारतानाही त्यांच्या चेहऱ्यावर राग कमी आणि काळजी जास्त दिसते. आणि घरात दाणा नसतानाही त्या आईची मान ताठ राहते. ती खोताची सून आहे, चांगले दिवस पाहिलेली आहे, हे त्यांना वेगळे दाखवावे लागत नाही. ती ताठ मान त्यांनी कोठून आणली असेल? आम्हाला त्यात ग्वाल्हेरचा वाडा दिसतो. हा आमचा स्थानिक अभिमान आहे असे कोणी म्हटले तर आम्ही नाकारणार नाही.

आणखी एक. आपल्या मराठीला पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात, तिच्यात हिंदीची सरमिसळ आहे म्हणतात. पुढच्या वेळी असा पाहुणा आला की त्याला हा चित्रपट दाखवावा. कोकणातल्या आईचे शब्द ग्वाल्हेरात वाढलेल्या बाईच्या तोंडी कोठे खटकतात का, एवढेच विचारावे. आम्हाला तरी कोठे खटकले नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने चित्रपटांना पारितोषिके देण्याचे ठरवले. ती पहिल्यांदा १९५३ च्या चित्रपटांसाठी, १९५४ च्या ऑक्टोबरमध्ये दिल्लीला देण्यात आली. सर्वोत्तम कथाचित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक, म्हणजे या देशात दिले गेलेले असे पहिलेच, ‘श्यामची आई’ला मिळाले. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ला त्या वर्षी गुणवत्ता प्रमाणपत्रावर समाधान मानावे लागले, यावरून स्पर्धा कशी होती हे कळेल. वनमालाबाईंना स्वतःला मात्र काही पदक नव्हते. नट-नटींना राष्ट्रीय पारितोषिक देण्याची पद्धतच तेव्हा नव्हती. ती सुरू झाली १९६७ च्या चित्रपटांपासून. आणि सहाय्यक अभिनेत्रीसाठी वेगळे पारितोषिक तर १९८४ च्या चित्रपटांपासून. ते पहिले पारितोषिक ‘पार्टी’ या चित्रपटासाठी रोहिणी हट्टंगडी यांना मिळाले. म्हणजे ज्या चित्रपटाला सुवर्णपदक मिळाले त्यातल्या आईला देण्यासारखे सरकारजवळ काही नव्हते.

येथे मनात एक विचार येतो, तो मोकळेपणाने लिहितो. श्यामची आई मुलाला काय शिकवते? मोठ्यांचे ऐकावे, घराचे नाव राखावे, आपल्यामुळे आई-वडिलांना मान खाली घालावी लागू नये. हे सारे पडद्यावर ज्यांनी शिकवले त्यांनी स्वतः वडिलांची आज्ञा मोडून, घरच्यांचा रोष पत्करून ते काम हाती घेतले होते. आमच्या संपादक मंडळात यावर वाद झाला. एका पालक प्रतिनिधींचे म्हणणे पडले की मुलांच्या वार्तापत्रात हे लिहू नये. दुसऱ्यांनी आठवण दिली की श्यामच्या आईने मुलाला केवळ आज्ञा पाळायला शिकवले नाही. रस्त्यात पडलेली लाकडाची मोळी उचलून म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावर द्यायलाही तिनेच सांगितले, लोक काय म्हणतील याची पर्वा न करता. योग्य वाटेल ते करताना गाव नावे ठेवील, तर ठेवू द्यावे, हेही तिचेच शिक्षण. आम्ही दोन्ही बाजू ऐकल्या आणि मजकूर ठेवला.

‘श्यामची आई’नंतर वनमालाबाईंचे चित्रपटात मन फारसे राहिले नाही. कामे कमी होत गेली आणि हळूहळू त्या त्या जगातून बाहेर पडल्या. ओढा भक्तीकडे आणि शास्त्रीय कलांकडे होता. त्या वृंदावनला गेल्या आणि तेथे मुलांना संगीत व नृत्याचे शिक्षण मिळावे म्हणून हरिदास कला संस्थान नावाने काम उभे केले. हे नाव ज्यांचे, ते स्वामी हरिदास परंपरेने तानसेनाचे गुरू मानले जातात. तानसेनाची समाधी आपल्या ग्वाल्हेरात आहे, मुलांनी ती सहलीत पाहिलेली आहे. ग्वाल्हेरहून आग्रा-मथुरेकडे जाणारी गाडी धरली की वृंदावन अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. शिष्याच्या गावातली बाई गुरूच्या गावी जाऊन मुलांना शिकवायचे काम करू लागली. चित्रपटातली वर्षे मध्ये येऊन गेली, आणि शिक्षिका पुन्हा शिक्षणाकडे आली.

अखेरच्या काळात वनमालाबाई ग्वाल्हेरात होत्या. ज्या गावाने त्यांचे जाणे मनाला लावून घेतले होते तेथेच २९ मे २००७ रोजी त्यांनी देह ठेवला. ब्याण्णववा वाढदिवस होऊन सहाच दिवस झाले होते. त्या वेळी आपल्या शाळेत शिकत असलेल्या मुलांपैकी काही जण आज पालक म्हणून हे वार्तापत्र वाचत आहेत. त्यांच्यापैकी किती जणांना तेव्हा कळले असेल की श्यामची आई आपल्याच शहरात राहत होती, कोण जाणे. आम्हाला कळले नव्हते.

२०२३ मध्ये सुजय डहाके यांनी ‘श्यामची आई’ पुन्हा नव्याने केला, तोही मुद्दाम कृष्णधवल. आईच्या भूमिकेत गौरी देशपांडे आहेत. मोठ्या वर्गातल्या काही मुलांनी दोन्ही पाहिले आहेत आणि कोणता चांगला यावर मधल्या सुट्टीत वाद घालतात. येत्या डिसेंबरमध्ये जुना चित्रपट नेहमीप्रमाणे दाखवला जाईल. या वेळी आधी पाच मिनिटे वनमालाबाईंची माहिती सांगितली जाईल, आणि ती सांगण्याचे काम प्रश्न विचारणाऱ्या त्याच विद्यार्थिनीकडे दिले आहे.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना एक विनंती. पवार घराण्याशी किंवा वनमालाबाईंशी ओळख असलेल्या कोणाच्या घरी त्यांचे छायाचित्र, पत्र, जुन्या चित्रपटाचे जाहिरातपत्रक किंवा वृत्तपत्रातले कात्रण असेल तर ते शाळेच्या कार्यालयात आणून द्यावे. प्रत काढून मूळ कागद त्याच दिवशी परत केला जाईल. आणि त्या दिवशी मागे बसलेल्या आजोबांनी पुन्हा जरूर यावे. त्यांना विचारायचे अजून पुष्कळ राहिले आहे.